टाळेबंदी आणि ताळेबंद: अमेरिकन फुटबॉलमधले मालक आणि खेळाडू

प्रश्न असा आहे: "अमेरिकेतल्या एनएफएलचे (नॅशनल फुटबॉल लीग, तिथली व्यावसायिक फुटबॉलची लीग) खेळाडू कोट्यवधी डॉलर कमावतात. तरी त्यांचे संप होतात, आणि २०११ मध्ये तर मालकांनीच टाळं लावलं. हे लोक भांडतात कशावरून, आणि दर वेळी जिंकतं कोण?"

आधी थोडक्यात सांगतो. संप करून खेळाडूंच्या हाती फारसं काही लागलं नाही. १९७४, १९८२, १९८७ असे तीन मोठे संप झाले आणि तिन्ही वेळा ते जवळजवळ हात हलवत परतले. जे खरं मिळालं ते कोर्टात मिळालं, आणि तेसुद्धा स्वतःची युनियन स्वतःच्या हातांनी मोडल्यावर. हा शेवटचा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला होता.

मी चाळीस वर्षं कामगार न्यायालयात युनियनच्या बाजूने उभा राहिलो, बहुतेक ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी. अंडाकृती चेंडूचा हा खेळ मला अजून धड कळत नाही. मुलगी मिनियापोलिसला असते. तिच्याकडे थंडीत अडकलो की टीव्हीवर तोच चालू. पण यातले महत्त्वाचे खटले त्याच शहरातल्या फेडरल कोर्टात चालले हे कळलं, आणि जुनी खोड उफाळून आली. मॅच राहिली बाजूला, मी निकालपत्रं वाचत बसलो.

भांडण कशावरून, तर दोन गोष्टींवरून: एकूण उत्पन्नातला वाटा, आणि करार संपल्यावर दुसऱ्या संघाकडे जाण्याची मोकळीक. "कोट्यवधी कमावतात" हे खरं, पण थोड्यांच्या बाबतीत. खेळाडूंच्या संघटनेच्या, म्हणजे युनियनच्या, हिशेबाने सरासरी कारकीर्द सव्वातीन वर्षांच्या आसपास भरते. करारावर मोठा आकडा असला तरी त्यातला हमीचा भाग सोडला तर बाकीची रक्कम संघ कधीही काढून घेऊ शकतो; गुडघा गेला की माणूस गेला. म्हणजे कारखान्याच्या भाषेत हे भरपूर पगाराचे पण हंगामी कामगार. पगारही हंगाम सुरू झाल्यावर, मॅचच्या आठवड्यांना मिळायचा. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवातीची वर्षं भरभर सांगतो. संघटना १९५६ची. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॅडोविच खटल्यात सांगितलं की बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून जी सूट आहे ती फुटबॉलला नाही. तेव्हा त्याचा कोणाला फारसा उपयोग सुचला नाही. त्या काळी करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघाने घेतला तर जुन्या संघाला भरपाई द्यावी लागे, आणि ती किती हे लीगचे कमिशनर पीट रोझेल ठरवत. भरपाई काय बसेल याचा भरवसा नाही म्हटल्यावर असा खेळाडू घेणार कोण? १९७४च्या संपाची घोषणा होती "स्वातंत्र्य नाही तर फुटबॉल नाही". संप बारगळला. १९७६ मध्ये मात्र मॅकी खटल्यात अपील कोर्टाने हा रोझेल नियम बेकायदा ठरवला. आणि १९७७च्या करारात युनियनने जिंकलेलं बरंचसं पुन्हा मालकांच्या ओटीत टाकलं. भरपाईचा नियम नव्या वेषात परत आला, खेळाडू होते तिथेच राहिले. कोर्टात मिळवायचं आणि टेबलावर घालवायचं हे मी आमच्याकडेही पाहिलं आहे, त्यामुळे हसू येत नाही.

१९८२चा संप ५७ दिवस चालला. एकूण उत्पन्नाच्या ५५ टक्के द्या, ही मागणी. १६ सामन्यांचा हंगाम ९ सामन्यांवर आला. शेवटी किमान वेतनश्रेणी, निवृत्तीच्या वेळची रक्कम असं काही हाती आलं, टक्केवारी आली नाही. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत गिरणी संप सुरू झाला होता. अडीच लाख गिरणी कामगार आणि दीडेक हजार फुटबॉलपटू यांची तुलना कोणी करू नये. पण एक दुखणं दोघांचं सारखं होतं: समोरचा किती दिवस दम धरू शकतो याचा अंदाज चुकला होता.

आता १९८७. हा प्रसंग जरा सावकाश बघण्यासारखा आहे, कारण संप कसा हरावा याचा हा नमुना आहे.

हंगामाचे दोन आठवडे खेळून २२ सप्टेंबरला खेळाडू बाहेर पडले. नेते जीन अपशॉ, स्वतः नामांकित खेळाडू. मागणी मोकळ्या हालचालीची. तिसऱ्या आठवड्याचे सामने रद्द झाले. मालक १९८२ मधून शिकले होते. चौथ्या आठवड्यापासून त्यांनी बदली संघ उतरवले. गिरणगावात "बदली" शब्दाला वेगळा इतिहास आहे, पण इथेही तोच शोभतो. निवडीत वगळलेले, खेळ सोडून दुसऱ्या नोकऱ्या धरलेले, कधीकाळी कॉलेजात चमकलेले, असे सगळे गोळा केले. आणि या बदल्यांनी खेळलेले सामने अधिकृत धरले! गुणतक्त्यात मोजले जाणार म्हटल्यावर टीव्हीवाले दाखवणारच.

फिलाडेल्फिया हे युनियनवाल्यांचं गाव. तिथे ट्रकवाल्यांच्या संघटनेने स्टेडियमची दारं अडवली आणि एवढ्या मोठ्या मैदानात ४,०७४ माणसं आत गेली. बाकी ठिकाणी इतकी एकजूट नव्हती. पहिल्या आठवड्यातच काही जण आत गेले आणि मग नावाजलेलेही जाऊ लागले: जो मोंटाना, लॉरेन्स टेलर, टोनी डॉरसेट. संपाचा फंड नव्हता. आठवड्याचा चेक बुडाला की घराचा हप्ता बुडाला. संपफोडे म्हणून त्यांना शिव्या घालणं सोपं आहे. पण तीन वर्षांच्या कारकिर्दीतला एक महिना म्हणजे साठीपर्यंत नोकरी करणाऱ्याचं जवळजवळ एक वर्ष, हा हिशेब करून बघा.

वॉशिंग्टनच्या संघातून एकही खेळाडू आत गेला नाही. त्यांचे निखळ बदली गडी १९ ऑक्टोबरच्या सोमवारी डॅलसला खेळायला गेले. समोर डॅलसचे काही अस्सल, आत परतलेले मोहरे. वॉशिंग्टनकडून मधेच उतरलेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा गडी, तर तुरुंगातून कामाच्या रजेवर आलेला. जिंकलं वॉशिंग्टन, १३-७. त्या हंगामाचा सुपर बोल, म्हणजे अंतिम सामनाही, वॉशिंग्टननेच जिंकला, पण या बदल्यांना विजेत्यांची अंगठी मिळाली २०१८ साली.

मला मात्र आठवतो तो त्याच्या आधीचा गुरुवार. १५ ऑक्टोबरला युनियनने संप मागे घेतला. खेळाडू बॅगा घेऊन मैदानावर पोचले. मालकांनी सांगितलं, हजर होण्याची मुदत बुधवारी दुपारी एकची होती, ती टळली. या आठवड्यात बदलीच खेळतील, तुम्हाला पगार नाही. चोवीस दिवसांचा संप, आणि वर हा दंड! कामावर येणाऱ्याला गेटवर उभं करून "उद्या या" म्हणायचं, यात पैशापेक्षा पाणउतारा जास्त असतो. १९८७ मध्ये मी ज्युनिअर होतो आणि रबाळ्याच्या एका कारखान्यात अगदी हेच पाहिलं. संप मागे घेतल्याचं पत्र सकाळी दिलं, तर टाइम ऑफिसने माणसं तीन दिवस बाहेर बसवली. कारण काय, तर हजेरी कार्डं नव्याने छापायची आहेत. कार्डं आधीच छापून टेबलावर पडली होती, मी स्वतः बघितली.

डॅलसचे त्या वेळचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांनी वाटाघाटीत अपशॉंना सुनावलं होतं असं सांगतात: तुम्ही गुरं आहात, आम्ही गुरांचे मालक. शब्द नेमके हेच होते का, सोडा. वागणं त्याच हिशेबाचं होतं.

आता गंमत पुढे आहे. ज्या दिवशी संप मागे घेतला त्याच दिवशी युनियनने मिनियापोलिसच्या कोर्टात मक्तेदारीविरोधी दावा ठोकला. मुद्दा असा: प्रत्येक संघ ही वेगळी कंपनी. तेव्हाच्या अठ्ठावीस कंपन्यांनी मिळून "एकमेकांचा माणूस घ्यायचा नाही, पगार वाढू द्यायचा नाही" असं ठरवलं तर तो १८९०च्या शर्मन कायद्याखाली गुन्हा. पण एक अपवाद आहे. असा नियम युनियनशी सामुदायिक करारातून आला असेल तर मक्तेदारीचा कायदा मधे पडत नाही. करार संपला, बोलणी फिसकटली, मग काय? १९८९ मध्ये पॉवेल खटल्यात अपील कोर्ट म्हणालं, तरी अपवाद चालूच. जोवर मालक आणि युनियन यांचं सौद्याचं नातं आहे तोवर मालकांना संरक्षण आहे.

म्हणजे मालकांची ढाल कोण, तर खेळाडूंचीच युनियन!

मग अपशॉंनी ढाल काढून घेतली. युनियनने जाहीर केलं, आम्ही आजपासून खेळाडूंच्या वतीने सौदा करणार नाही, आम्ही युनियनच नाही. आता आमच्यासारख्याला हे पचायला जड जातं. महाराष्ट्रात १९७१च्या कायद्याखाली मान्यता मिळवायची तर सलग सहा महिने तीस टक्के सभासद दाखवावे लागत. पावत्यांची पुस्तकं, सह्यांची तपासणी, समोरच्या युनियनच्या हरकती, यात माझ्या वकिलीची निम्मी वर्षं गेली. आणि इथे हातातली मान्यता कोणी सोडून देतो! मी आमच्या एका जुन्या पुढाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वकीलसाहेब, उद्या तुम्ही धोतर सोडून लढाईला जायला सांगाल." पण त्या कायद्याच्या चौकटीत हीच चाल बरोबर होती.

दरम्यान मालकांनी १९८९ मध्ये "प्लॅन बी" आणला: प्रत्येक संघाने ३७ खेळाडू राखून ठेवायचे, बाकीचे मोकळे. चांगले सगळे त्या ३७ मध्ये, हे सांगायला नकोच. न्यूयॉर्क जेट्सचा फ्रीमन मॅकनील आणि आणखी सात जण कोर्टात गेले. युनियन नव्हती, म्हणून ढालही नव्हती. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांच्यासमोर आठ महिलांच्या ज्युरीने प्लॅन बी बेकायदा ठरवला. भरपाईची रक्कम किरकोळ होती. पण आता प्रत्येक खेळाडू असा दावा लावू शकतो, आणि या कायद्यात भरपाई तिप्पट होते, हे मालकांच्या वकिलांना कळायला वेळ लागला नाही. रेगी व्हाइटच्या नावाने सर्व खेळाडूंचा एकत्रित दावा दाखल झाला आणि १९९३च्या सुरुवातीला मालक तडजोडीला आले. ठराविक वर्षं झाली की खेळाडू मोकळा. बदल्यात मालकांना पगारावरची मर्यादा मिळाली, जी १९९४ मध्ये प्रत्येक संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ मध्ये तीच मर्यादा २७ कोटी ९२ लाखांवर गेली. रेगी व्हाइट स्वतः ग्रीन बेकडे गेला, चार वर्षांना १ कोटी ७० लाख. आणि युनियन पुन्हा युनियन झाली.

आता २०११. इथे संप नव्हता, मालकांनी कुलूप लावलं. माझ्याकडे टाळेबंदीची केस आली की मी दोन गोष्टी विचारतो: महिना कोणता, आणि गोडाऊनमध्ये माल किती? ज्या मालकाचं गोडाऊन भरलेलं असतं आणि ऑर्डरी मंद असतात तोच बेधडक कुलूप लावतो. पगार वाचतो आणि मालही खपत राहतो. कामगाराला मात्र शाळेची फी भरायची असते.

एनएफएलच्या मालकांनी महिना निवडला मार्च. तेव्हा सामने नसतात, त्यांचं काही बुडत नाही. खेळाडूंचेही चेक त्या काळी सप्टेंबरपर्यंत नसायचे, त्यामुळे मार्च ते जुलै दोघंही नुसते एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसले. राहिलं गोडाऊन. मॅच काही साठवून ठेवता येत नाही. पण मालकांनी टीव्ही कंपन्यांशी करार करताना अशी सोय करून ठेवली होती की सामने झाले नाहीत तरी चार अब्ज डॉलरहून जास्त रक्कम त्यांच्याकडे येत राहील. हेच त्यांचं भरलेलं गोडाऊन. १ मार्च २०११ला त्याच डॉटी साहेबांनी सांगितलं की ही सोय करताना मालकांनी खेळाडूंच्या हिताकडे पाठ फिरवली, हा कराराचा भंग आहे. लोक ११ आणि १२ मार्चच्या तारखा सांगतात. माझ्या मते बाजू फिरली ती १ मार्चला.

११ मार्चला युनियनने पुन्हा तीच १९८९ची चाल खेळली. युनियन बरखास्त, आणि टॉम ब्रेडी, पेटन मॅनिंग, ड्र्यू ब्रीझ वगैरेंच्या नावाने दावा. मध्यरात्रीनंतर टाळं. २५ एप्रिलला न्यायाधीश सुझन नेल्सन यांनी टाळं उघडायचा हुकूम दिला; अपील कोर्टाने आधी स्थगिती दिली आणि ८ जुलैला दोन विरुद्ध एकने तो हुकूमच रद्द केला. कारण वाचून मी कपाळाला हात लावला. १९३२चा नॉरिस-लागार्डिया कायदा, जो संपावरच्या कामगारांना कोर्टाच्या मनाईहुकमांपासून वाचवायला केला होता, त्याचाच आधार घेऊन कोर्ट म्हणालं की कामगार तंट्यात आम्ही मालकांना मनाई करू शकत नाही.

आता टाळेबंदीतला ताळेबंद. २००६च्या कराराप्रमाणे एकूण उत्पन्नातून खर्चापोटी साधारण एक अब्ज डॉलर मालक आधी बाजूला काढत, आणि उरलेल्यातले सुमारे ६० टक्के खेळाडूंना जात. मालकांना आणखी एक अब्ज बाजूला काढायचे होते. युनियनने सरळ मागणी केली: दहा वर्षांचे तपासलेले हिशेब दाखवा. मालकांनी दाखवले नाहीत. इथे एक बारकावा आहे जो मालकांचे वकील कधी विसरले नाहीत. १९५६च्या ट्रुइट निकालानुसार अमेरिकेत मालक "परवडत नाही" म्हणाला तर युनियनने मागितल्यावर त्याला पुरावा दाखवावा लागतो. म्हणून "परवडत नाही" हे शब्द त्यांनी तोंडातून काढलेच नाहीत. ते म्हणत राहिले, "ही रचना चालण्यासारखी नाही." आमच्या समेटाच्या बैठकांतही मुरलेला एचआरवाला "तोटा" म्हणत नाही, "आव्हानं" म्हणतो.

हिशेब उघडा असलेला एकच संघ होता, ग्रीन बे पॅकर्स. त्याचा मालक म्हणजे लाखाहून जास्त भागधारक, त्यामुळे ताळेबंद दरवर्षी जाहीर होतो. त्यात धंद्यातला नफा वर्षभरात २ कोटी १ लाखांवरून ९८ लाखांवर आला होता. मालक म्हणाले, बघा घसरण. युनियन म्हणाली, छोट्या गावातला संघही नफ्यातच आहे, उरलेल्या एकतीसांचं काय ते दाखवा. तेच पान, दोन वाचनं.

२५ जुलैला समझोता झाला. बुडाला फक्त ऑगस्टमधला एक सराव सामना. त्या दिवशीचं एक दृश्य खूप गाजलं: न्यू इंग्लंड संघाचे मालक रॉबर्ट क्राफ्ट यांच्या पत्नी पाचच दिवसांपूर्वी वारल्या होत्या आणि खेळाडूंच्या बाजूचा जेफ सॅटर्डे, धिप्पाड माणूस, त्यांना कवेत घेऊन उभा होता.

"जिंकलं कोण" याचं उत्तर ढोबळ आकड्यांत देतो. तेव्हाचं उत्पन्न धरा नऊ अब्ज. जुन्या पद्धतीने एक अब्ज वजा, उरलेल्या आठाचे ६० टक्के, म्हणजे ४.८ अब्ज. मालकांना पाहिजे होतं तसं दोन वजा केले तर सातचे ६० टक्के, ४.२ अब्ज. आणि ठरलं काय? आधी काही बाजूला काढायचं नाही, सगळ्या उत्पन्नातले साधारण ४७ टक्के खेळाडूंचे. नऊचे ४७ टक्के म्हणजे ४.२३ अब्ज. मधल्या बोलण्यांत आकडे बरेच वरखाली झाले, पण शेवटी काटा जवळजवळ मालकांच्या पहिल्या मागणीवर येऊन थांबला. म्हणून पैशाच्या बाबतीत मी मालक जिंकले असंच म्हणेन, मिठ्या कितीही मारल्या तरी. १९९३च्या तडजोडीवरची डॉटी साहेबांची देखरेखही संपली, ते त्यांना हवंच होतं.

खेळाडूंनी मिळवलं ते दुसरीकडे. संघांनी मर्यादेच्या किती टक्के खर्च केलाच पाहिजे याची खालची रेघ आखली गेली. दिवसातून दोनदा धडकाधडकीचा सराव बंद, हंगामात पूर्ण पॅड घालून सराव १४ दिवसच. मालकांना हवा असलेला अठरा सामन्यांचा हंगाम टळला. आणि नवख्यांचे पगार कापले गेले, हे जुन्यांनी मुकाट्याने मान्य केलं: २०१० मध्ये नवख्यांच्या वार्षिक निवडीत पहिल्या क्रमांकाने घेतलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांना ७ कोटी ८० लाखांचा करार मिळाला होता, २०११ मध्ये त्याच जागेवर कॅम न्यूटनला चार वर्षांना २ कोटी २० लाख. ज्यांना अजून मताचा अधिकार नाही त्यांच्या ताटातलं आधी काढायचं, ही सवय युनियनांनाही असते. आमच्याकडे ते ट्रेनी आणि कंत्राटी कामगारांच्या वाट्याला येतं. अशा करारांवर मीही सह्या केल्या आहेत.

२०२० मध्ये टाळं लागलं नाही, संपही झाला नाही. मालकांना सतरावा सामना हवा होता. ॲरन रॉजर्स, रसेल विल्सन, जे. जे. वॉट यांनी उघड विरोध केला. पण सर्वांत खालच्या खेळाडूचा किमान पगार एकदम लाख डॉलरने वाढून ६ लाख १० हजार होणार होता. मतमोजणी झाली: १,०१९ विरुद्ध ९५९. साठ मतांनी सतरावा सामना आला. हा करार २०३०च्या हंगामापर्यंत आहे, आणि अठराव्या सामन्याची कुजबुज आताच ऐकू येते. बोलणी फिसकटलीच तर पुढचं कुलूप कोणत्या महिन्यात लागेल, ते आता तुम्हीही सांगू शकाल.